गाडीचे डोळे आणि सावित्रीचा पूल

पाचाडच्या एखाद्या माणसाला, "चालकाविना चालणारी गाडी तुम्ही पाहिली आहे काय?" असे विचारले, तर तो बहुधा हसेल. अशा गाड्या परदेशात, आपल्याकडे कुठल्या? पण वाचकहो, पाचाडची माणसे अशी एक गाडी गेली कित्येक वर्षे पाहात आहेत. पाचाडच्या पुढे हिरकणीवाडीहून रायगडावर जाणारा रोपवे १९९६ साली सुरू झाला. चार-एक मिनिटांत तो माणसाला गडावर नेतो. त्या पाळण्यात चालक बसलेला असतो काय? नसतो. पाळण्यातली माणसे गप्पा मारीत वर जातात आणि गाडी थांबविण्या-चालविण्याचे काम दूर, यंत्राजवळ होते. म्हणजे चालकाविना माणसे नेणे ही गोष्ट आपल्या अंगणात आलीच आहे.

मग त्याच पाचाडहून महाडला जाणारी एस.टी. तशी का चालू नये? पाळण्याची वाट एकच, दोराने आखून दिलेली. त्या वाटेवर आडवी म्हैस येत नाही, शाळेची मुले धावत नाहीत, समोरून ट्रक येत नाही. एवढे जपावे लागते की वारा फार नाही ना. त्यासाठी रोपवेवर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र ठेवतात आणि वारा वाढला की पाळणे थांबवितात. रस्त्याचे तसे नाही. रस्ता हा सगळ्या गावाचा असतो. तेथे पुढच्या क्षणी काय समोर येईल हे कोणी सांगावे?

आगगाडीची गोष्ट या दोहोंच्या मधली. रूळ तिची वाट बांधून देतात. म्हणून चालकाविना धावणाऱ्या गाड्या आधी रुळावर किंवा बंदिस्त मार्गावर आल्या. जपानात कोबे शहरी १९८१ साली, फ्रान्समध्ये लील शहरी १९८३ साली अशा गाड्या सुरू झाल्या. आपल्या देशात दिल्लीच्या मेट्रोत २८ डिसेंबर २०२० रोजी चालकाविना गाडी धावू लागली. मुंबईत २०२२ पासून दहिसर-अंधेरी भागात सुरू झालेल्या मेट्रोच्या गाड्याही चालकाविना चालू शकतील अशाच बनावटीच्या आहेत. रस्त्यावरचे प्रयोगही आता सुरू झाले आहेत. हैदराबादजवळ कंदी येथील आय.आय.टी.च्या आवारात 'तिहान' नावाचे केंद्र आहे. चालकविरहित वाहने तपासण्यासाठी बांधलेल्या तेथील चाचणी-क्षेत्राचे उद्घाटन २०२२ साली झाले आणि २०२५ साली त्या आवारात चालकाविना चालणाऱ्या लहान विजेच्या बसगाड्या माणसांची ने-आण करू लागल्या.

आता कोणी म्हणेल, "हैदराबादच्या सपाट आवारातले कौतुक आम्हां घाटातल्या माणसांना काय करायचे?" आजचा सारा विषय याच प्रश्नात आहे. गाडी चालकाविना चालते की नाही, हा प्रश्न जवळजवळ सुटला आहे. तिच्या डोळ्यांवर, त्यातही आपल्या पावसात, आपल्या धुक्यात, आपल्या घाटात किती विश्वास ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम हे डोळे कसे असतात ते पाहू. यांना संवेदक म्हणतात; बोलताना आपण सेन्सर म्हणतो. संवेदक म्हणजे बाहेरची एखादी गोष्ट जाणून ती यंत्राला आकड्यांत सांगणारे साधन. चालकविरहित बसमध्ये साधारण चार प्रकारचे संवेदक पाहण्याचे काम करतात.

पहिला कॅमेरा. तो आपल्या डोळ्याला सर्वांत जवळचा. त्याला रंग कळतो, पाटी वाचता येते, लाल दिवा हिरव्यापासून वेगळा ओळखता येतो. पण काळोख, समोरच्या गाडीचा झोत आणि धुके यांत तो आपल्याइतकाच, कधी आपल्याहूनही, आंधळा होतो.

बाकीचे तिघे प्रतिध्वनीच्या तत्त्वावर चालतात. रायगडाच्या एखाद्या कड्यासमोर उभे राहून आरोळी ठोका. आवाज कड्यावर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आरोळी दोन सेकंदांनी परत आली, तर तिने जाऊन-येऊन ६८० मीटर प्रवास केला; म्हणजे कडा ३४० मीटरवर आहे. शिक्षकांनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावा; त्याला एक घड्याळ आणि एक कडा एवढेच सामान लागते. वटवाघूळ हेच करते. मोटार मागे घेताना भिंत जवळ आली की टीं-टीं वाजते, ती यंत्रेही हेच करतात. त्यांचा आवाज इतका बारीक की आपल्या कानाला ऐकू येत नाही. हा दुसरा संवेदक. त्याची धाव चार-पाच मीटरच.

तिसरा रडार. तो आवाजाऐवजी रेडिओच्या लहरी सोडतो. ज्या जातीच्या लहरींवर बसून आकाशवाणी तुमच्या घरी येते, त्याच जातीच्या. मात्र फार आखूड, जेमतेम चार मिलिमीटर लांबीच्या. चौथा लायडर. तो प्रकाशाचे अदृश्य ठिपके चहूकडे फेकतो आणि प्रत्येक ठिपका किती वेळाने परत आला हे मोजून समोरच्या जगाचा ठिपक्यांचा नकाशा काढतो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. तीस मीटरवरच्या म्हशीवर आपटून परत यायला त्याला एका सेकंदाचे पन्नास लाख भाग केले तर त्यांतला एक भाग लागतो! एवढा वेळ मोजणारी यंत्रे आज बसच्या टपावर बसतात.

आता तुम्ही विचाराल, एवढे चार डोळे कशाला? एक चांगला पुरे की! या ठिकाणी आपला पाऊस मध्ये येतो. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. लायडरच्या प्रकाशाची लहर त्याहूनही लहान. म्हणून प्रकाश त्या थेंबांत अडकतो, विखुरतो आणि लायडरला समोर पांढरी भिंत दिसते. रडारची लहर धुक्याच्या थेंबापेक्षा शेकडो पटींनी मोठी. तळ्यात रोवलेल्या बारीक काठीला मोठी लाट जुमानत नाही, तशी ही लहर धुके ओलांडून जाते. पण पावसाचा टपोरा थेंब चांगला दोन-तीन मिलिमीटरचा असतो. आषाढातल्या मुसळधार पावसात रडारलाही थोडा त्रास होतोच. शिवाय रडारला 'काहीतरी आहे' हे कळते. ते 'काय आहे' हे नीट कळत नाही. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा आणि रस्त्यात बंद पडलेला ट्रक, दोन्ही स्थिर, दोन्ही लोखंडी. कॅमेऱ्याला आकार कळतो, पण अंतर कमी कळते. म्हणून एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढायचे, अशी ही चौघांची पंचायत असते.

या पंचायतीने किती दूरवर पाहिले पाहिजे? याचे उत्तर ब्रेक देतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका कळून ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद धरा. ओल्या रस्त्यावर पुढे गाडी थांबायला आणखी पस्तीस-एक मीटर लागतात. म्हणजे एकूण बावन्न-त्रेपन्न मीटर. दिव्याच्या मंद झोतात चाळीस-पन्नास मीटरच दिसते. म्हणजे त्या वेगाने जाणारी बस जे दिसत नाही त्यावर भरवसा ठेवून चाललेली असते. वेग निम्मा, म्हणजे ताशी ३० केला, तर हे अंतर सतरा-अठरा मीटरवर येते. पाहा, वेग निम्मा केला आणि अंतर तिसऱ्या हिश्शावर आले! कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून नियम असा की, जितके दिसते तितक्यातच थांबता आले पाहिजे. हा नियम माणसाला आणि यंत्राला सारखाच लागू आहे.

मला एक प्रसंग आठवतो. श्रावणातली संध्याकाळ होती. मी पाचाडकडे येणाऱ्या वस्तीच्या गाडीत होतो. धुके असे उतरले की काचेपुढे कापूस लावावा. चालकाने गाडी थांबविली. कंडक्टर बॅटरी घेऊन खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेकडेने पुढे चालू लागले. गाडी त्यांच्या मागोमाग माणसाच्या चालीने. मागच्या बाकावरच्या आजी म्हणाल्या, "चालू दे बाबा सावकाश, घर कुठं पळून जातंय!" त्या दिवशी आमच्या गाडीचा संवेदक म्हणजे कंडक्टरांची बॅटरी होती, आणि वेग त्या बॅटरीच्या उजेडाएवढाच ठेवला होता. यंत्राला शिकवायचे ते हेच. दूरवर पाहणे तर खरेच, पण दिसत नसेल तेव्हा हळू होणेही.

आता मी तुम्हांला जरा जड मनाने एका रात्रीकडे नेतो. महाड-पोलादपूरच्या माणसाला ती सांगावी लागत नाही. २ ऑगस्ट २०१६. सावित्रीला पूर होता. मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळचा १९२८ सालचा जुना दगडी कमानींचा पूल त्या रात्री पडला. जयगडहून मुंबईला जाणारी आणि राजापूरहून बोरिवलीला जाणारी, अशा दोन एस.टी. गाड्या आणि एक खाजगी गाडी माणसांसह पुरात गेली. गाड्या चालविणाऱ्यांना कोणी दोष देऊ नये. काळोख, पाऊस, आणि रोज जेथे रस्ता असतो तेथे तो आजही असणारच हा भरवसा. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही पुढेच गेलो असतो. पुलाजवळच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात आले आणि त्याने पुढच्या गाड्या थांबविण्याची खटपट केली, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. त्या रात्री तोच आपला संवेदक ठरला.

त्यानंतर वर्गात एका विद्यार्थ्याने मला प्रश्न केला, "सर, ती गाडी चालकाविना चालणारी, सगळे संवेदक लावलेली असती, तर ती थांबली असती का?" मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. घरी येऊन कागदावर आकृती काढली. ती आकृती तुम्हीही काढा.

बसच्या टपावर, जमिनीपासून तीन मीटर उंचीवर, लायडर बसविला आहे. समोर पन्नास मीटरवर दीड मीटर उंचीची मोटार उभी आहे. ती लायडरच्या डोळ्यात सुमारे पावणेदोन अंश जागा व्यापते. आता मोटार काढा. त्या जागी रस्ताच दहा मीटर तुटलेला आहे असे समजा. हा दहा मीटरचा खड्डा, जो संपूर्ण बस गिळू शकतो, त्याच डोळ्यात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो! कारण आपण त्याच्याकडे वरून पाहात नाही, तिरपे पाहतो. जे उभे आहे ते लांबून दिसते. जे नाहीसे झाले आहे ते जवळ गेल्याखेरीज दिसत नाही. शेताच्या बांधावरून चालताना विहिरीचा काठ नसेल तर ती अगदी पायाशी येईपर्यंत कळत नाही, हा अनुभव आपणांस आहेच.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. पाण्याने माखलेला डांबरी रस्ता आरशासारखा होतो. लायडरचा प्रकाश त्यावर तिरपा पडला की पुढे निघून जातो, परत येत नाही. रस्ता तुटलेला असेल तरीही प्रकाश परत येत नाही. म्हणजे ओला रस्ता आणि नसलेला रस्ता, दोन्हींचे उत्तर एकच: मौन. या मौनाचा अर्थ यंत्राने काय लावायचा? 'काही आडवे नाही, चला पुढे' असा लावला, तर गाडी नदीत. 'रस्ता दिसत नाही, थांबा' असा लावला, तर पावसाळ्यात प्रत्येक ओल्या वळणावर गाडी उभी, आणि पाचाडची आजारी बाई महाडच्या दवाखान्यात पोहोचायची कधी?

संवेदकांच्या चाचण्यांचे मर्म येथे आहे. चाचणी म्हणजे यंत्र चालते की नाही एवढेच पाहणे नव्हे. चाचणीत दोन चुका मोजायच्या असतात. एक, धोका असताना हाक न देणे; दुसरी, धोका नसताना खोटी हाक देणे. गोष्टीतल्या 'लांडगा आला' ओरडणाऱ्या मुलाची ती दुसरी चूक. पहिली कमी करू गेले की दुसरी वाढते. जो कारखाना एकच आकडा सांगतो, "आमचा संवेदक सारे अडथळे ओळखतो" म्हणतो, त्याला आपण शहाण्या गिऱ्हाइकासारखे विचारावे, "खोट्या हाका किती दिल्या? आणि पाऊस होता का?"

चाचण्या किती घ्याव्यात, याचेही गणित आहे. समजा, संवेदकासमोर तीनशे वेळा अडथळा ठेवला आणि तीनशेही वेळा त्याने ओळखला. मग तो कधीच चुकणार नाही काय? गणित तसे म्हणत नाही. गणित एवढेच म्हणते की त्याच्या चुकीचे प्रमाण बहुधा शंभरात एकापेक्षा कमी असावे. आता आपल्या रस्त्यावर एका गाडीला दिवसाकाठी वीस अडथळे भेटतात म्हटले, तर पाच दिवसांत शंभर झाले. पाच दिवसांत एक चूक आपल्याला चालेल काय? म्हणून चाचण्या हजारोंनी, लाखोंनी घ्याव्या लागतात. तेवढ्या रस्त्यावर घेणे शक्य नसते. म्हणून आधी संगणकात खोटा रस्ता, खोटा पाऊस, खोटी गुरे निर्माण करून, मग कुंपणाच्या आतील मार्गावर पुतळे ठेवून आणि कृत्रिम पाऊस पाडून, मग देखरेख करणारा माणूस आत बसवून, अशा पायऱ्यांनी जातात. पायरी चुकविली तर चाचणीच जीव घेते. गोव्यात मडगावला स्कायबसच्या चाचणीत २५ सप्टेंबर २००४ रोजी अपघात होऊन एक कर्मचारी दगावला.

अमेरिकेतील टेंपे गावी १८ मार्च २०१८ च्या रात्री चाचणीतल्या स्वयंचलित मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उडविले. चौकशीत काय निघाले? संवेदकांना ती स्त्री साडेपाच सेकंद आधीच दिसली होती! साडेपाच सेकंद म्हणजे थांबायला पुष्कळ झाले. पण यंत्र तिला कधी अनोळखी वस्तू, कधी वाहन, कधी सायकल समजत राहिले. ठरलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्याला शिकविलेलेच नव्हते. आत देखरेखीसाठी बसलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. म्हणजे डोळा चांगला होता. समज कच्ची होती. आता सांगा, आपल्या रस्त्यावर ठरलेल्या जागीच रस्ता ओलांडणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिला?

दुसरे उदाहरण गमतीचे आहे, पण धडा तोच. स्वीडनमधल्या एका मोटार कंपनीने मोठी जनावरे ओळखणारी यंत्रणा तिकडच्या सांबरासारख्या जनावरांवर तयार केली. ऑस्ट्रेलियात नेली, तर २०१७ साली असे दिसले की कांगारूपुढे ती गोंधळते. कांगारू उडी मारून हवेत गेला की यंत्राला वाटे तो दूर गेला. जमिनीवर आला की वाटे जवळ आला! आपल्याकडे कांगारू नाहीत. पण रस्त्यात बसून रवंथ करणारी गाय आहे, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई आहे, शिमग्याची पालखी आहे, धनगराचा कळप आहे. गवताच्या भाऱ्याखाली माणूस असतो, हे यंत्राला कोणी तरी दाखवावे लागेल. म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची चाचणी आपल्या पावसात आणि आपल्या माणसांत झाली पाहिजे. दुसरीकडची प्रमाणपत्रे येथे पुरी पडणार नाहीत.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. गाडीच्या डोळ्याला पूल पडल्याचे कळेल की नाही, याची खात्री नाही. मग सगळे डोळे गाडीलाच का लावायचे? पुलाला का लावू नयेत?

आगगाडीच्या लोकांनी ही युक्ती फार पूर्वी काढली. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने रुळांतून विजेचा मंद प्रवाह खेळविण्याची योजना केली. प्रवाह चालू आहे तोवर सिग्नल मोकळा. रुळावर गाडी आली, की प्रवाह तिच्या चाकांतून परत फिरतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तरी लाल. एवढेच नव्हे, बॅटरी संपली, तार तुटली, तरीही लाल. म्हणजे यंत्र मेले तरी मरताना 'थांबा' सांगून मरते. येथे मौनाचा अर्थ पक्का ठरलेला आहे: मौन म्हणजे धोका. सुरक्षिततेच्या शास्त्रातले हे मला सर्वांत मोठे तत्त्व वाटते, आणि ते एका ओळीचे आहे.

आपल्याच सावित्रीवर याचे एक भावंड आहे. कोकण रेल्वेने वीर आणि सापे-वामने या स्थानकांच्या दरम्यान सावित्रीवरच्या रेल्वेपुलाला पुराची सूचना देणारी यंत्रणा बसविली आहे. पाणी ठरलेल्या खुणेवर चढले की सूचना जाते. माणगाव-वीर दरम्यान काळ नदीवर आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीवरही ती आहे. मांडवी, जुवारी यांसारख्या उंच उघड्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी अशा स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले, तर गाडी ताशी ४० किलोमीटरपेक्षा वेगाने हाकू नये, अशी चालकांना सूचना असते. आमच्या कंडक्टरांच्या बॅटरीचाच हा नियम! हे शहाणपण फुकट आलेले नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी आपल्या महाड तालुक्यातल्या करंजाडीजवळ दरडीच्या दगडांनी झालेले अपघात त्याच्यामागे आहेत.

रस्त्याच्या पुलालाही दोन प्रश्न विचारणारे दोन संवेदक हवेत, आणि त्यांतला भेद ध्यानात घ्या. पुलावरून एक तार नेऊन तिच्यात प्रवाह ठेवला आणि तार तुटताच दोन्ही टोकांना लाल दिवा लागेल असे केले, तर मागून येणाऱ्या गाड्या थांबतील. पण पूल पडताना जी गाडी त्याच्यावर आहे तिला ही तार वाचवू शकत नाही. त्या गाडीसाठी दुसरा संवेदक हवा. तो पाण्याची पातळी, खांबाखालच्या मातीची झीज, पुलाचा कलता तोल यांवर नजर ठेवील आणि पूल पडण्याआधीच वाट बंद करील. पहिला झालेला घात सांगतो, दुसरा होऊ घातलेला. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला, ही समाधानाची गोष्ट. पण आपल्या मुलखात लहान-मोठे मोऱ्या, साकव, जुने पूल शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्याकडे पाहणारा डोळा बहुतेक ठिकाणी अजून माणसाचाच आहे.

आणि चालक? चालकाविना गाड्या आल्या तर वस्तीच्या गाडीचा चालक कोठे जाणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, माझ्याही आला. पाचाडला रात्री मुक्काम करणारा चालक प्रत्येक वळण ओळखतो. ब्रेक तापल्याचा वास त्याच्या नाकाला येतो, ओढ्याचा आवाज बदलला की त्याच्या कानाला कळते. एवढी पंचेंद्रिये अजून कोणत्याही यंत्राला नाहीत. पण हेही खरे की माणूस थकतो. त्याला डुलकी लागते, त्याचे लक्ष उडते. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि एक जण सोडून सारे गेले. त्याच्या कारणांची चर्चा येथे नको. पण बस रस्त्याच्या कडेकडे सरकू लागताच जे यंत्र चालकाला ओरडून सांगेल, ते घाटातल्या प्रत्येक बसमध्ये असावे, असे कोणाला वाटणार नाही? म्हणून निदान आपल्या घाटांपुरती मला दिसणारी वाट अशी: आधी संवेदकाने चालकाचा सोबती व्हावे. तो कंडक्टरांची बॅटरी होऊ दे. सुकाणू सध्या चालकाच्याच हाती राहू दे. त्याच्या खऱ्या आणि खोट्या हाका काही पावसाळे मोजू या, मग पुढचे पुढे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि गावकऱ्यांना एक विनंती. संवेदक काही कारखान्यातच तयार होतो असे नाही. शाळेजवळच्या साकवाच्या खांबावर रंगाने फुटाच्या खुणा करा. पावसाळ्यात रोज सकाळी दोन मुलांनी काठावरूनच, मोठ्या माणसाच्या सोबतीने, पाणी कोणत्या खुणेवर आहे ते वहीत लिहावे. बाजूला सरळ उभ्या भिंतींचे एक भांडे उघड्यावर ठेवून त्यात किती मिलिमीटर पाऊस साठला तेही लिहावे. दोन पावसाळे गेले की मुलांना आपोआप उमगेल, वर इतका पाऊस झाला की खाली किती वेळाने किती पाणी चढते. मग एका खुणेवर लाल रंग लावा आणि गावात ठरवा: पाणी येथे आले की साकव बंद, मग कोणी कितीही घाईत असो. आणि पाणी पाहायला जाण्यासारखी स्थिती नसेल, वहीतली ओळ त्या दिवशी कोरी राहिली असेल, तर काय समजायचे? वाचकहो, उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. मौन म्हणजे धोका. त्या दिवशीही साकव बंद.

उद्या चालकाविना धावणारी बस पाचाडच्या फाट्यावर येईल तेव्हा येवो. तिच्या डोळ्यांची परीक्षा कशी घ्यायची, हे त्या वहीत लिहिणाऱ्या दोन मुलांना तोवर कळलेले असेल.